बटणांचा फोन येईपर्यंत

९ जानेवारी

येतोय! बटणांचा फोन पुन्हा येतोय. आज जेवणाच्या सुट्टीत 'बटणवाले' या आमच्या चर्चागटावर टायपिस्टने फोटो टाकला आणि माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. वर चौकोनी पडदा, खाली बटणं. खरीखुरी बटणं, दाबली की आत जाणारी आणि सोडली की वर येणारी. बनवणारी कंपनी म्हणते, हा फोन नाचगाणी बघत लोळणाऱ्यांसाठी नाही, कामाच्या माणसांसाठी आहे. चला, कामाची माणसं अजून शिल्लक आहेत असं कोणाला तरी वाटतंय.

टायपिस्टला मी कधी पाहिलेलं नाही. कुठल्याशा कचेरीत जन्मभर टंकलेखन करून निवृत्त झालेला गृहस्थ आहे, एवढंच ठाऊक. पण नात्यातल्या कित्येकांपेक्षा मला तो जवळचा वाटतो. सगळं जग काचेवर बोटं घासत पुढे निघून गेलं आणि आम्ही चार टाळकी मागे राहून बटणांच्या आठवणी काढत बसलोय.

माझा जुना बटणांचा फोन बंद पडल्याला दीड वर्ष होत आलं. ऑफिसने सगळ्यांना हे काचेचे तुकडे वाटले आणि तेव्हापासून माझ्या लिहिण्याचा विचका झाला. एक अक्षर दाबावं तर दोन उमटतात. 'ठीक' लिहावं तर 'ठठीक'. मॅनेजरला एकदा 'हहो' गेलं, तर तो म्हणाला, काका हसताय कशाला? या काचेला बोट टेकलं की माशी बसली हेच कळत नाही, त्याला मी काय करू?

१२ जानेवारी

गटावर एका नव्या पोराने विचारलं, काका, तुम्हाला बटणांचा एवढा सोस का? त्याला नीट उत्तर द्यावं म्हणून बसलो, पण काचेवर तिसऱ्या ओळीला वैताग आला. इथेच लिहून ठेवतो.

मी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत कंट्रोलला बसतो, म्हणजे कुठली लिफ्ट बंद, कुठली चालू याचा फळा सांभाळतो. ऑफिससमोरच्याच एका मोठ्या इमारतीचं काम आमच्याकडे आहे, तिथे चौदा लिफ्ट आहेत. आमचा पैलवान (अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून हे नाव) लिफ्टच्या टपावर उतरून काम करतो. मिस्त्री सगळ्यात वर मशीनच्या खोलीत, खटक्यांपाशी. दोघांच्या मध्ये काळोखी विहीर. हाक मारली तर नुसता आवाज घुमतो, शब्द पोचत नाही. कधी कधी दोन लिफ्टच्या टपांवर दोघं एकदम असतात, तेव्हा तर विचारूच नका. म्हणून मी नियम घालून दिला. टपावर जाणारा मला 'आत' आणि लिफ्टचा नंबर पाठवणार, मी मिस्त्रीला 'बंद' आणि नंबर. काम झालं की त्याचं 'बाहेर', मग माझं 'चालू'. माझा लेखी शब्द आल्याशिवाय मिस्त्रीने खटक्याला बोट लावायचं नाही. परस्पर फोनाफोनी तर मुळीच नाही, कारण ऐकलेल्या शब्दाला पुढे कोणी वाली नसतो.

इतक्या वर्षांत आमच्याकडे कोणाला साधं खरचटलं नाही. ऑफिसात या नियमाला माझ्या नावाने ओळखतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

आता अशा कामात १ चा ११ झाला तर? एवढंच त्या पोराला सांगायचं होतं.

२ फेब्रुवारी

आज दूध करपलं. मी ओट्याला लागून असलेल्या टेबलाशीच बसलो होतो. ही गच्चीवरून धावत खाली आली. "अहो, जिन्यापर्यंत वास आलाय! नाक कुठे गहाण टाकलंत?"

मी फोटो बघण्यात रंगलो होतो हे कबूल. आकड्यांना वेगळी ओळ दिलीय की ते अक्षरांच्याच बटणांवर कोंबलेत, हे भिंग घेऊन बघत होतो. गटावर त्यावरून दोन तट पडलेत. टायपिस्ट म्हणतो, वेगळी ओळ दिली तर बटणं लहान होतील. मी म्हणतो, लहान होऊ देत, पण आकडा आकड्याच्या जागी हवा. दुसरा कोणी बॅटरीबद्दल विचारतो, तिसरा म्हणतो कॅमेरा चांगला हवा. त्याला सगळ्यांनी मिळून झोडपला. मजा आली.

वास मात्र मला पातेलं नाकाशी धरूनही आला नाही. सर्दी असणार. बरेच महिने मुक्काम ठोकून आहे.

१५ फेब्रुवारी

फोन बनवणाऱ्या कंपनीला मेल लिहिला. आकड्यांची ओळ वेगळी द्या, काही लोकांचे जीव त्यावर अवलंबून आहेत, असं स्पष्ट लिहिलं. लिहायला अख्खी दुपार गेली. लगेच उत्तर आलं: आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत.

उत्साह!

२७ फेब्रुवारी

या मिस्त्रीला अलीकडे झालंय काय? मी 'चालू' पाठवला की दुसऱ्या क्षणाला त्याचा फोन. "साहेब, चहा झाला का?" झाला म्हटलं. "मग चार नंबरचं उरकलं म्हणायचं ना?" उरकलं म्हणूनच तर पाठवलंय! "हो हो, सहज विचारलं." हे दिवसातून पाच-सहा वेळा. बिचारा. म्हातारपण आलंय, मुलं लांब, वरच्या खोलीत दिवसभर मोटारींच्या घरघरीत बसायचं. माणसाचा आवाज ऐकावासा वाटत असणार. माझाच नियम मोडतोय, पण मी रागावत नाही. दोन शब्द बोलतो आणि ठेवतो.

पैलवानही हल्ली काम झालं की वर मशीनच्या खोलीत जाऊन तोंड दाखवून येतो म्हणे. व्यायाम म्हणून. त्या काडीला व्यायाम!

२० मार्च

फोन लांबला. सुटे भाग मिळत नाहीत म्हणे. उन्हाळ्यात येईल. गटावर नुसती रडारड. टायपिस्टने लिहिलं, "आपल्यासारख्यांसाठी कोणी काही बनवेल यावर माझा आता विश्वास नाही." त्याला धीर दिला. मीच धीर देणारा!

संध्याकाळी लेक आली होती. ती औषधांच्या दुकानात असते, त्यामुळे घरात पाऊल टाकलं की तिला सगळे रोगी दिसतात. जेवताना माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "बाबा, जरा इथे सही करून दाखवा ना."

"का? तुझ्या नावावर घर करून घेतेस की काय?"

हसली नाही. मी सही केली. कागद घेऊन आईला दाखवायला आत गेली. दोघी कितीतरी वेळ कुजबुजत होत्या. सही बारीक आली होती, एवढंच. माझं अक्षर अलीकडे बारीकच झालंय. या वहीचं उलटं कौतुक करायला हवं, जानेवारीपासून लिहितोय आणि पानं संपता संपत नाहीत.

ही चहाचा कप हल्ली अर्धाच भरते. काटकसर कुठून सुरू करावी याचं काही तारतम्य!

१६ एप्रिल

हात अजून थरथरतोय. आज काय घडलं ते लिहायलाच हवं, कारण बोलायला कोणापाशी तोंड नाही.

आज दोन लिफ्ट उघडल्या होत्या. एक नंबरच्या टपावर दुसरा एक पोरगा आणि अकरा नंबरच्या टपावर पैलवान. एक नंबरच्या माणसाचा 'बाहेर' आला. मी 'चालू १' लिहून पाठवला. पाठवला आणि मग बघितलं. 'चालू ११'.

मला ओरडताही येईना. मिस्त्रीला फोन लावायला गेलो तर नंबर भलताच लागला. पुन्हा लावला, पुन्हा भलताच. डोळ्यांसमोर नुसता तो टप दिसत होता आणि त्यावर उकिडवा बसलेला पैलवान. शेवटी मिस्त्रीचाच फोन आला. "साहेब, चहा झाला का?"

मी म्हटलं, "अकरा चालू करू नका! अकरा नको! एक!"

"नाही केला साहेब. अकरात पोरगं आहे, ठाऊक आहे ना मला. तुम्ही पाणी प्या."

बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. जिवात जीव येईना. त्या काचेने आज एका माणसाचा बळी घेतला असता. दुसऱ्या कोणाला वाटेल मी बहाणे सांगतोय, पण मी १ च दाबला होता. शपथेवर सांगतो, एकदाच दाबला होता.

१७ एप्रिल

मॅनेजरला स्वतःहून सगळं सांगितलं. खुर्ची जाणार असं धरूनच गेलो होतो. हा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण ऐकून घेतलं. मी म्हटलं, हा काचेचा प्रताप आहे, बटणांचा फोन येतोय, तो आला की पुन्हा अशी चूक होणार नाही.

त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "काही हरकत नाही काका. तुम्ही बसा कंट्रोलला. आम्ही घेतो सांभाळून."

इतक्या सहज सुटेन असं वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या कामाला काही किंमत असते, ती अशी. बाहेर येताना दारात पाय अडल्यासारखा झाला. जमिनीला चिकटल्यासारखा. मॅनेजरने उठून दंडाला धरलं. भलताच अदबीचा पोरगा आहे.

२३ एप्रिल

हिला पैलवानाचं कळलं. मी नाही सांगितलं. मिस्त्रीने लेकीला फोन केला म्हणे. चहाचं विचारता विचारता म्हाताऱ्याने माझं घर फोडलं.

दोघी मला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी आधी काय विचारावं? वास येतो का! मी म्हटलं, बाई, बोटांचं दुखणं घेऊन आलोय, नाकाचं नाही. मग अंगठा आणि बोट चिमणीच्या चोचीसारखं उघडायला-मिटायला लावलं. उजव्या हाताची चोच चार वेळा उघडली आणि मग नुसतीच थडथडत राहिली. मग बोळात चालून दाखवा. चालून दाखवलं. "उजवा हात हलत नाहीये बघा चालताना," असं हिला म्हणाल्या, जणू मी तिथे नव्हतोच.

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो: "हा कंपवात आहे. सुरुवात आहे. गोळ्यांनी बराच आधार मिळेल. पण हा मागे फिरत नाही."

मी विचारलं, "बटणांच्या फोनवर लिहिता येईल ना?" बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी हिच्या हातात दिली.

घरी आल्यावर भांडण. मी म्हटलं, दीड वर्षापूर्वी फोन बदलला आणि दीड वर्षापूर्वीच चुका सुरू झाल्या. सरळ हिशेब आहे. बोटं थरथरतात ती काचेच्या धास्तीने. ही रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "बरं. येऊ दे तुमचा फोन. बटणांवर नीट लिहून दाखवलंत तर मी डॉक्टरांचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर गोळ्या सुरू आणि कंट्रोल बंद. कबूल?"

कबूल. फोनची नोंदणी त्याच दिवशी खुली झाली होती, लेकीने तिथल्या तिथे माझ्या नावाने करून टाकली. भराभर बटणं दाबत होती, काचेवरची. एकही चुकलं नाही तिचं.

१९ मे

आकड्यांची ओळ वेगळी दिली! कंपनीने नवा फोटो जाहीर केला. दहा आकडे, दहा बटणं, एका रांगेत, प्रत्येकाला उंच कडा, बोट शेजारच्या बटणावर घसरू नये म्हणून. टायपिस्टने हार मानली आणि सगळ्या गटासमोर माझं अभिनंदन केलं. आज मी ऑफिसात शीळ घालत होतो असं शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली.

तशी आता तक्रारीला जागाच उरली नाही. जे जे मागितलं ते सगळं मिळालं.

११ जून

फोन पुन्हा लांबला. आता पावसाळ्यानंतर, बहुधा. गटावर शिव्यांचा पाऊस पडतोय. एकाने तर निषेध म्हणून काचेचा फोन घेतला आणि फोटो टाकला. मीही दोन खरमरीत ओळी टाकल्या.

पण एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि का कोण जाणे, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. संध्याकाळी हिला म्हटलं, चल, जरा फिरून येऊ. किती दिवसांनी आम्ही दोघं चाललो. तिने माझा उजवा हात धरला होता. तो तसाही हलत नाही, धरायला सोपा.

१४ जून

सदऱ्याची बटणं हल्ली ही लावून देते. माझ्या कामाला उशीर होतो म्हणून. लावताना नजरेला नजर देत नाही. मीही वर पंख्याकडे बघतो.

२ जुलै

माझ्याच नियमाने मला आज चकवलं. पैलवानाचा 'बाहेर ६' आला तेव्हा मी संडासात होतो. यायला वेळ लागला, पँटच्या हुकाने छळलं. घाईघाईने येऊन 'चालू ६' पाठवायला घेतला तर खिडकीतून समोरच्या इमारतीतली सहा नंबरची लिफ्ट वर जाताना दिसली. ती तेवढी काचेची आहे, बाहेरच्या बाजूची, माणसं दिसतात आतली.

मिस्त्रीला झापलं. माझा शब्द येण्याआधी चालू केलीच कशी? तो म्हणाला, "साहेब, आला होता की मेसेज." मी फोनमध्ये बघितलं, काही गेलेलं नव्हतं. पण आजकाल मी काय पाठवतो आणि काय नाही, याची मलाच खात्री नसते. मग मीच त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या हो साहेब," आणि चहाचं न विचारताच त्याने फोन ठेवला.

२५ जुलै

फोन निघाला. गटात पहिला मला मिळणार, कारण लेकीने पहिल्या दिवशीच नोंदणी केली होती. लांबला लांबला म्हणत होते, तो उलट आधीच निघाला. सगळे माझ्या डोक्यावर बसलेत: आल्या आल्या लिहा, बटणं कशी आहेत ते सांगा, काही लपवू नका. टायपिस्ट म्हणतो, "तुम्ही चांगला म्हणालात तरच मी घेणार. माझे फार दिवस उरले नाहीत, चुकीच्या वस्तूत घालवायचे नाहीत."

मला भीती वाटते. कोणाला सांगणार नाही, पण इथे लिहितो. फोन येऊ नये असं वाटतं. वाटेत कुठेतरी हरवावा, पेटी चोरीला जावी, काहीही व्हावं. सात महिने ज्याची वाट पाहिली त्याच्या वाईटावर टपलोय मी.

६ ऑगस्ट

आला.

पेटी हिने उघडली. मी खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसलो. काय वस्तू आहे! तळहातात बसतो, पाठीला खरखरीत, हातातून निसटत नाही. बटणं टणक, पण हट्टी नाहीत. दाबलं की खट असा स्वच्छ आवाज येतो, जुन्या फोनपेक्षा किंचित जाड. मी आधी हिचं नाव लिहिलं. सावकाश, दोन्ही अंगठ्यांनी, कोपरं टेबलावर रोवून. सगळी अक्षरं बरोबर! एकही जास्त नाही!

"बघ," म्हटलं. "बघ! मी काय म्हणत होतो?"

ही शेजारी येऊन बसली. डोळे भरले होते तिचे. म्हणाली, "आणखी लिहा ना."

मग लेकीचं नाव लिहिलं. त्यात एक खट जास्त ऐकू आली. मग आकडे. एक लिहिला. खट खट. पुसला. एक. खट. बरोबर. पुन्हा एक. खट खट खट. काचेचं एक बरं होतं, ती गुपचूप चुकायची. बटणं मात्र मोठ्याने सांगतात. हिने ऐकलं आणि मी ऐकलं, आणि दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. ती म्हणाली, "नवीन आहे, बटणं रुळायची आहेत अजून." मी म्हटलं, तेच. "आणि आज दमलाही आहात." तेच तर.

परीक्षा म्हणून आज धरायचं नाही, असं ठरलं. खरी परीक्षा कामावर.

७ ऑगस्ट

आज एकच लिफ्ट उघडली होती, एक नंबरची. माझ्या नशिबानेच तो नंबर काढला असणार. 'बंद १' पाठवताना चार वेळा पुसावं लागलं, पण बरोबर गेलं. मग दोन तास फळ्यासमोर बसलो, फोन रुमालावर ठेवून.

पैलवानाचा 'बाहेर १' आला.

मी 'चालू' लिहिलं. आता एक. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि बोट बटणावर टेकवलं. खट खट. अकरा. पुसला. उभं राहून दाबून बघितलं. खट खट. कोपर भिंतीला टेकवलं. अंगठा सोडून करंगळीने दाबलं. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबलं. एकेकदा बरोबर यायचं, पण पाठवायचं बटण दाबेपर्यंत हात परत आकड्यांवर आपटायचा. शेजारच्या बाईने मान खाली घालून ठेवली होती. सगळ्या खोलीत फक्त माझी खटखट. तिकडे पैलवान अंधारात उभा असेल, मिस्त्री खटक्याशी बोट धरून बसला असेल, इमारतीतली माणसं एक नंबरच्या दाराशी ताटकळत असतील, सगळी माझ्या एका आकड्यासाठी खोळंबलेली. घामाने बटणं ओली झाली. अर्धा तास तरी गेला असेल.

शेवटी मी मिस्त्रीला फोन लावला. म्हटलं, "मिस्त्री, मला माफ करा. एक नंबर चालू करा. मला लिहिता येत नाहीये."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "साहेब, ती केव्हाच चालू झाली. पैलवान वर आला, म्हणाला मी बाहेर आहे, की मी चालू केली. इथेच आहे तो, समोर चहा पितोय."

"माझ्या मेसेजशिवाय?"

"साहेब…" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या मेसेजवर आम्ही चालवतच नाही आता. फेब्रुवारीपासून. पोरं स्वतः वर येऊन तोंड दाखवतात, मग मी हात लावतो. मॅनेजरसाहेबांनाही ठाऊक आहे. तुम्हाला सांगायची कोणाची छाती झाली नाही. रागावू नका."

मी रागावलो नाही. त्यांनी बरोबरच केलं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं, फक्त मी तोंडावर सांगितलं असतं. सहा महिने मी फळ्यासमोर बसून जीव वाचवत होतो, आणि ते जीव माझ्यापासून स्वतःला वाचवत होते. एकेका आकड्यासाठी घाम गाळला, रात्री उशीत तोंड खुपसून पडलो, आणि ते आकडे कोणी वाचतसुद्धा नव्हतं.

फळा पुसला. खुर्ची आत सरकवली. मॅनेजर दारापर्यंत सोडायला आला. "काका, तुमचा नियम चांगलाच होता हो," म्हणाला. होता.

१७ ऑगस्ट

आजचं मी सांगतोय आणि ही लिहितेय. माझं अक्षर आता मलाच लागत नाही. म्हणजे यापुढे या वहीत हिच्याबद्दल काही वावगं लिहिता येणार नाही, हे पहिलं नुकसान. (हे लिहिणार नाही म्हणाली, पण लिहिलंन.)

गोळ्या सुरू झाल्या. थोडा आधार वाटतो, बाई म्हणाल्या होत्या तेवढाच. सकाळी ही कामाला लागलेली असते आणि मी खुर्चीत बसून उजव्या हाताकडे बघतो. तो मांडीवर आपला आपला काहीतरी मोजत असतो. पुढे काय, असं मी काल बाईंना विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही, म्हणून त्यांचा राग येतो. पुढे डावा हात. मग चालणं. मग बोलणंही पुटपुटल्यासारखं होतं काहींचं. म्हणजे आज मी सांगतोय आणि ही लिहितेय, तेही कायमचं नाही.

ही थांबली होती. लिही म्हटलं.

गटावर माझ्या नावाने आरडाओरडा चाललाय. दहा दिवस झाले, फोन मिळूनही हा गृहस्थ गप्प का? टायपिस्ट तर काळजीत आहे, फोनमध्ये काहीतरी मोठा घोटाळा असणार आणि मी भिडेखातर बोलत नाहीये, असं त्याला वाटतं. त्याला अंधारात ठेवणं बरं नाही. म्हणून आज दुपारी नवा फोन हिच्या हातात दिला आणि म्हटलं, मी सांगतो ते लिही.

ही एका बोटाने लिहीत होती, बटण शोधत शोधत. मी डोळे मिटून ऐकत होतो. एका अक्षराला एक खट. मी सांगितलं ते असं: "फोन मिळाला. आकड्यांची ओळ वेगळी आहे आणि बटणांना कडा आहेत. दाबायला जड नाहीत, सैल नाहीत. आपण सगळ्यांनी जसा मागितला होता अगदी तसाच आहे. मी सगळ्या प्रकारे तपासून पाहिला. फोनमध्ये कसलाही दोष नाही. खुशाल घ्या."

"एवढंच?" हिने विचारलं.

"एवढंच."

टायपिस्टचं उत्तर लगेच आलं. ही वाचून दाखवत होती: "वाचून फार बरं वाटलं. नशीबवान आहात. आता सुटलात हो तुम्ही त्या काचेच्या तावडीतून! आता भरपूर लिहा आम्हाला." शेवटचं वाक्य वाचून हिने फोन पालथा ठेवला.

मला रडू आलं. हेही लिही, असं मी हिला सांगितलं.